पूर्वेकडचं मैदान

चूक सापडली तेव्हा तिच्या तोंडात अर्धं बिस्किट होतं. उरलेलं अर्धं तिनं चहात बुडवून धरलं होतं, ते तिथंच विरघळून तळाला गेलं, कारण हात वर घ्यायचं तिला भानच राहिलं नाही. समोर टेबलावर एकतीस वर्षांपूर्वीचा ठराव होता. टाइप केलेला, कडा तपकिरी पडलेल्या, आणि टाचणी गंजून कागदावर तिचा तांबूस ठसा उमटलेला. त्यातलं सातवं कलम तिनं तीनदा वाचलं. नव्या वसाहतीतल्या मुख्य रस्त्याच्या पूर्वेचा भूखंड मैदानासाठी राखावा आणि पश्चिमेचा घरांसाठी द्यावा, असं त्यात साध्या सरळ शब्दांत लिहिलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला हसूच आलं. टायपिस्ट डुलक्या घेत होता वाटतं, असं ती मनाशी म्हणाली. कारण मैदान पश्चिमेला आहे. रोज संध्याकाळी ती ते ओलांडून घरी जाते, आणि घर पूर्वेला आहे. तिसऱ्या मजल्यावर. एवढं तरी माणसाला आपल्या घराबद्दल ठाऊक असतंच. मग तिनं तेव्हाचं मूळ ट्रेसिंग गुंडाळीतून बाहेर काढलं, त्या अर्धपारदर्शक कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू ठेवल्या, आणि त्या भूखंडांवर बोट ठेवलं. डावीकडे हिरवा, उजवीकडे पिवळा. हिरवा म्हणजे मोकळी जागा, पिवळा म्हणजे राहण्याची. रेषा तिच्या, अक्षर तिचं, रंगही तिचा. खाली कोपऱ्यात आद्याक्षरंसुद्धा तिचीच. आणि बोट तिथं असतानाच तिच्या हाताला काहीतरी आठवलं, डोक्याला आठवायच्या आधी. तिनं ट्रेसिंग उचललं, खिडकीपाशी नेलं आणि काचेवर मागच्या बाजूनं धरलं. आता हिरवा उजवीकडे आला. उजवीकडे म्हणजे, सवयीच्या हाताला, पूर्वेकडे.

नगररचना खात्यात ती आरेखक होती, म्हणजे नकाशे काढणं हेच काम. खात्यात तिला फूटपट्टीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं. तेहेतीस वर्षांत तिच्या रेषेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. दुसऱ्यांचे नकाशे तिच्याकडे तपासायला येत, आणि ती पेन्सिलीनं इतक्या हलक्या हातानं चुकांभोवती वर्तुळं काढी की चूक करणाऱ्यालाही राग येऊ नये. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आता सगळं काम पडद्यावर होत असे. एक बटण दाबलं की रंग भरे, दुसरं दाबलं की निघून जाई. पण पूर्वी रंग हातानं भरायचे, आणि तेही ट्रेसिंगच्या मागच्या बाजूनं. पुढच्या बाजूला शाईच्या रेषा असत, त्यांच्यावरून ओला ब्रश गेला की शाई फुटे. म्हणून शाई पुढून, रंग मागून. हे तिला शिकवलं ते जुन्या मुख्य आरेखकांनी, ज्यांना सगळं खातं मास्तर म्हणायचं. मास्तरांचा एकच नियम होता आणि तो ते दिवसातून दहादा सांगत : उलटण्याआधी खूण. कागद उलटायच्या आधी, ज्या तुकड्यात जो रंग भरायचा तिथं पुढून पेन्सिलीची बारीक खूण करायची, कारण कागद उलटला की डावं उजवं होतं आणि हात मात्र आपल्या सवयीनंच चालतो. ती खूण न करता उलटलेलं ट्रेसिंग त्यांनी एकदा एका शिकाऊ मुलीसमोर टराटरा फाडलं होतं. ती मुलगी हीच होती. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता. मग त्या दिवशी काय झालं?

काचेवर कागद धरून ती तशीच उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, चहा गार झाला तुमचा," आणि ती "हो हो" म्हणाली. त्या दिवशी मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले होते. पहिल्यांदाच सगळा आराखडा तिच्या एकटीच्या हातात होता. ती सव्वीस वर्षांची होती आणि पाचवा महिना चालू होता. प्रती काढायच्या खोलीतून अमोनियाचा वास यायचा आणि तिला मळमळायचं, म्हणून तिनं टेबल खिडकीशी ओढून घेतलं होतं. हे सगळं खरं. त्यापुढचं खरं की मागाहून रचलेलं, ते तिला सांगता येईना. पण हाताला जे आठवत होतं ते असं : ब्रश हिरव्या रंगानं भरलेला, टोकाशी थेंब जमत आलेला, आणि तेवढ्यात पोटात काहीतरी हललं. पहिल्यांदा. आतून कुणीतरी बोटानं टिचकी मारावी तसं. तिनं श्वास रोखला. पुन्हा एकदा होईल म्हणून वाट पाहिली, आणि थेंब पडू नये म्हणून ब्रश कागदावर टेकवला. उजव्या चौकोनात. पूर्व म्हणजे उजवी, एवढंच हाताला माहीत होतं. खूण केली नव्हती, कारण खूण करायच्या वेळी ती बहुधा पोटाकडेच बघत होती. एकदा उजवा चौकोन हिरवा झाल्यावर डावा पिवळा होणं ओघानंच आलं. मग त्या एका ट्रेसिंगवरून बारा प्रती निघाल्या, त्या सगळ्या तिनंच रंगवल्या, मंजूर झाल्या, शिक्के बसले. ठराव फायलीत गेला आणि नकाशा जगात गेला. ठराव कोण वाचतो? खोदाईवाले, गवंडी, रस्तेवाले, सगळे नकाशा उघडतात. पूर्वेला घरं उठली, पश्चिमेला मैदान झालं, आणि कुणालाही काहीही खटकलं नाही. ती स्वतः त्या घरांच्या सोडतीत नंबर लागून राहायला गेली, तेव्हाही नाही.

हे सगळं आज निघायचं कारण म्हणजे नवे साहेब. साहेब तिच्या मुलाच्या वयाचे, सभ्य, बोलताना उगाच हसत. मैदान काढून तिथं तीनशे घरं बांधायचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता. विरोधात चारशे हरकती आल्या होत्या आणि सोमवारी सुनावणी होती. "बाई, एक छोटंसं टिपण द्या," ते सकाळी म्हणाले होते, "ही जागा मुळापासून काय होती, कधी काय बदललं. दोन परिच्छेद पुरेत. तुमच्याइतकं जुनं आता कोण आहे इथं?" ती हसली होती. जुनी म्हटल्याचा राग येण्याचं वय मागं पडलं होतं. दोन परिच्छेद म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ होता. सुरुवातीपासून हिरवी, आजही हिरवी, सही, तारीख. तेवढं लिहिलं असतं तरी कुणी काही विचारलं नसतं. ठराव तिनं काढला तो केवळ फूटपट्टीबाई म्हणून. मूळ कागद पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, ही सवय.

संध्याकाळी घरी जाताना तिनं मैदानाच्या फाटकाशी चपला काढल्या. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. तांबडी माती अजून कोमट होती. रोजचंच सगळं होतं : कधीही नीट बंद न होणारा नळ, पाठ मोडलेलं एक बाक आणि तीन धड, घसरगुंडीच्या पायथ्याशी पडलेला खळगा, आणि पश्चिमेच्या कडेला सात जुनी झाडं. ती झाडं वसाहतीच्याही आधीची. नकाशावर तिनंच ती सात बारीक वर्तुळांनी दाखवली होती, आणि ठरावाप्रमाणं घरं इकडे झाली असती तर त्यांच्यावर पहिल्याच आठवड्यात करवत फिरली असती. पूर्वेला तेव्हा नुसता खडक होता. तिकडे मैदान झालं असतं तर ते उघडं आणि टणक झालं असतं, पोरांची ढोपरं फोडणारं. म्हणजे आपण जे केलं ते चूकच, पण जे झालं ते बरं झालं, असं तिच्या मनात आलं, आणि या विचाराची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो विचार काही गेला नाही. सायकल शिकवणारा एक बाप सीट धरून वाकून पळत होता आणि त्याची मुलगी ओरडत होती, "सोडू नका हं, सोडलं तर बघा!" त्यानं केव्हाच सोडलं होतं.

नळापाशी तिला नवरा आठवला. तसा तो तिथं रोजच आठवायचा. तो छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळीत लावायची आणि उलटीच वाचायची, हे त्याचं काम. घरी आल्यावर वर्तमानपत्र सरळ वाचताना आपल्याला चक्कर येते, असं तो पाहुण्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, आणि पाहुणे खरं मानायचे. आठ वर्षांपूर्वी त्याची डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, चालवा. कुठं चालवणार? दोन खोल्यांत भिंती फार लवकर येतात, आणि जिना म्हणजे जिवाशी खेळ. ती त्याला इथं आणू लागली. पहिल्या दिवशी फाटकापासून नळापर्यंत. नळाला हात लावून तो लहान मुलासारखा तिच्याकडे वळून बघत राहिला. महिन्याभरानं पहिलं झाड. मग दुसरं. "जन्मभर उलटं वाचलं," तो जड जिभेनं म्हणायचा, "आता सरळ चालायचंय म्हणे." सातव्या झाडापर्यंत पोचायला त्याला सात महिने लागले, आणि त्या दिवशी फेऱ्या मारणाऱ्या बायकांनी थांबून टाळ्या वाजवल्या होत्या. पुढची दोन वर्षं तो रोज आला, आणि मग एका सकाळी घरीच, अंथरुणातच गेला. तिनं इतकी वर्षं या जागेला मनातल्या मनात त्याची जागा मानलं होतं. त्यानं ते ट्रेसिंग एकदा जरी पाहिलं असतं तरी चूक त्याला दारातूनच दिसली असती. उलटं हेच ज्याचं सुलट, त्याच्यापासून काय लपणार? पण बायकोच्या ऑफिसात जायचं नाही, हा त्याचा नियम. ती हसली. कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून इकडेतिकडे बघितलं, तर त्या बायकाच समोरून येत होत्या.

पाच जणी होत्या, आणि सगळ्यांत पुढं निवृत्त नर्सबाई, जिच्या चालण्यात अजून वॉर्डातली घाई होती. चारशे हरकतींपैकी निम्म्या तिनं दारोदार फिरून लिहून घेतल्या होत्या. "तुम्ही काही सही केली नाहीत," ती न थांबता, जागच्या जागी पाय हलवत म्हणाली.

"मी खात्यात आहे हो. मला कशी करता येईल?"

"हं. खात्यातल्यांना पाय नसतात का?" आणि ती गेलीसुद्धा. बोलण्यात विष नव्हतं, पण टाका होता. तिला तो बसला.

आणि घरी ती तीनशे घरं वाट बघत होती. तिचा मुलगा, ज्यानं पोटात टिचकी मारली होती तो, आता लिफ्ट दुरुस्त करायचा. ज्या इमारतीत तो राहतो तिला मात्र लिफ्ट नाही, यावर त्याची बायको रोज एकदा तरी बोलायची. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात नात भिंगरी धरून चार माणसं. आतल्या खोलीत ती तिघं, बाहेर सतरंजीवर ती. भांडण कुणाचं कुणाशी नव्हतं, पण प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ऐकू यायचं. घरांच्या प्रतीक्षायादीत मुलाचा नंबर दोनशे बारावा होता. तीनशे घरं झाली तर त्यातलं एक नक्की त्याचं, म्हणजे डोळ्यांसमोर, रस्त्यापलीकडे. नाही झाली तर, त्यानं मागच्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, दुसऱ्या गावी कंपनीची जागा मिळतेय, तिकडे जावं लागेल. तो हे सांगताना तिच्याकडे बघत नव्हता. आणि सून, जी दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि घरातही सगळ्यांशी "आ करा" म्हटल्यासारखं बोलायची, तिनं एक दिवस ऑफिसातून उरलेला ट्रेसिंगचा तुकडा मागितला होता. "आई, मला घर काढून द्या. नवं. तुम्ही सगळ्या जगाचं काढता." मग दोघींनी रविवारची दुपारभर बसून ते काढलं. ओट्याची उंची किती, भिंगरीचं टेबल कुठं, तुमची खाट खिडकीशी. "माझी?" तिनं विचारलं होतं. "मग काय इथं एकट्या राहणार? सतरंजीवरून खाटेवर नको का यायला?" सून म्हणाली होती. तो कागद सुनेनं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. दार उघडलं की घर दिसायचं.

त्या संध्याकाळी भिंगरी चित्र काढत बसली होती आणि सून भाजी चिरत होती. तिनं सुनेला चूक सांगितली नाही. नुसतं विचारलं, "अगं, समज, ते मैदान मुळात घरांसाठीच होतं असं निघालं तर?"

सुनेची सुरी थांबली. "म्हणजे सुनावणी वगैरे काही नाही? लगेच?"

"बहुतेक."

"निघालंय का तसं?" सुनेच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की तिला बघवेना. तिनं ओट्यावरचं पातेलं उगाच सरकवलं आणि म्हणाली, "बघतेय अजून." आणि मग खिडकीतून खाली पाहिलं. या खिडकीपाशी तिनं जन्म काढला होता. समोर सात झाडं. तिला एकदम कळलं की आपण जिथं उभ्या आहोत ते मैदान आहे. कागदावर, ठरावाप्रमाणं, हा ओटा, हे पातेलं, ही शहाण्णव बिऱ्हाडं, सगळं मैदानात उभं आहे. तिला आधी धस्स झालं आणि मग फार गंमत वाटली. नवऱ्याला सांगायला हवं होतं. तो म्हणाला असता, बरं झालं, म्हणून तर इतकी वर्षं इथं वारा येतो.

सकाळी चहा उकळेपर्यंत तिनं टिपण लिहून काढलं. तिच्यापुढं तीन वाटा होत्या. एक, काहीच न सांगणं : सुरुवातीपासून हिरवी, सही, तारीख. मग सुनावणी होईल, चारशे हरकती वाचल्या जातील, आणि अशा सुनावण्यांचं काय होतं ते तिनं तेहेतीस वर्षं पाहिलं होतं. घरं होतील, फक्त दोन वर्षं उशिरा. दुसरी, अर्धं सांगणं : ही जागा मुळात घरांची. मग लगेच होतील. दोन्ही वाटांनी मुलगा रस्त्यापलीकडे येत होता आणि तिला खिडकीशी खाट मिळत होती. तिसरी वाट, सगळं सांगणं, तिलाही नको होती. पण लिहायला बसल्यावर हात फूटपट्टीबाईचा होता. मुलाचं नुकसान करतोय हे त्याला ठाऊक होतं, तो मध्ये एकदा थांबलाही, आणि मग त्यानं पुढची ओळ सरळ लिहिली.

साहेबांनी उभ्याउभ्याच टिपणाचा पहिला परिच्छेद वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "बाई! हे तर सोनंच आहे. म्हणजे हा वापर बदलायचा प्रश्नच नाही. आरेखनातली चूक, ती फक्त दुरुस्त करायची. सुनावणीसुद्धा लागणार नाही." ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले. "तुमच्याच हातची चूक, आणि तुम्ही होऊन सांगताय. मानलं पाहिजे. तुमच्या मुलाचा नंबर आहे ना यादीत? बघा, चांगल्याचं चांगलं होतं ते असं."

इथंच गप्प बसता आलं असतं. तिला ते स्पष्ट दिसलं. नुसतं "येते साहेब" म्हणायचं आणि दार ओढून घ्यायचं. दुसरा परिच्छेद त्यांनी वाचलाच नसता कदाचित. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "साहेब," ती म्हणाली, "ट्रेसिंग उलटलं की एकच बाजू उलटत नाही."

"म्हणजे?"

"दुसरा परिच्छेद वाचा."

त्यांनी वाचला. ती टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. मैदान पूर्वेला व्हायचं होतं. पूर्वेला शहाण्णव बिऱ्हाडं राहतात, त्यातलं एक खाली सही करणारीचं. वसाहतीला एक मैदान कबूल केलेलं आहे, आणि ते रस्त्याच्या पश्चिमेला मिळालं. चूक दुरुस्त करायची तर दोन्हीकडची करावी लागेल : पश्चिमेला घरं बांधावीत आणि पूर्वेची पाडून मैदान मोकळं करावं. एकाच बाजूची दुरुस्ती केल्यास ती दुरुस्ती नसून नवीन चूक होईल, आणि ती खाली सही करणारीची नसेल.

साहेबांना हसू फुटलं, ते त्यांनी आवरलं, आणि ते पुन्हा फुटलं. "शेवटचं वाक्य ठेवायचंय?"

"ठेवायचंय."

"हे सोमवारी वाचलं गेलं की प्रस्ताव संपला; शहाण्णव घरं कोण पाडणार? कळतंय ना? घरांसाठी नवी जागा शोधावी लागेल, जुन्या गोदामांकडे वगैरे. वर्षं जातील. आणि तुमच्या नावावर शेरा येईल, शेवटच्या आठ महिन्यांत. मी काही करू शकणार नाही."

"येऊ दे. एकच आहे," ती म्हणाली, आणि हे बोलताना आपल्या आवाजात चक्क ऐट आहे, हे तिच्या ध्यानात आलं. बाहेर येऊन तिनं चहा मागवला आणि बिस्किट बुडवून, वेळेवर बाहेर काढून, पूर्ण खाल्लं. तिला सुखी वाटत होतं. मुलाचा विचार येत होता, तो टोचतही होता, पण त्या टोचण्याखाली हे सुख बैठक मारून बसलं होतं आणि उठायला तयार नव्हतं. तेहेतीस वर्षांत तिनं हजारो रेषा अचूक काढल्या. त्यांतली एकही कुणाला आठवत नव्हती, आणि आठवायचं कारणही नव्हतं. अचूक रेषेकडे कोण बघतं? एक ब्रश तेवढा चुकीच्या जागी टेकला, आणि तिथं झाडं राहिली, सायकली शिकल्या गेल्या, एक माणूस सात महिन्यांत सात झाडं चालला.

घरी सांगणं मात्र जड गेलं. मुलगा कामावर होता, सून आणि भिंगरी तेवढ्या होत्या. तिनं सुनेला सगळं सांगितलं, ब्रशपासून साहेबांच्या हसण्यापर्यंत, काही न वगळता. शेवटी सून म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असतात तर चाललं असतं."

"चाललं असतं."

"कुणालाही कळलं नसतं."

"नसतं."

"आणि आता आम्ही जायचं. भिंगरीची शाळा सोडून. तुम्ही इथं एकट्या, या खिडकीत." सुनेनं कपाटाचं दार उघडलं, आतल्या कागदाकडे बघितलं, आणि तो न काढता दार धाडकन लावलं. मग भिंगरीच्या पायात चपला अडकवल्या आणि दोघी जिना उतरून गेल्या. तिला खाली बसावंसं वाटलं, पण ती खिडकीशीच उभी राहिली. बरोबर केलं म्हणून दुखायचं राहत नाही, हे तिला नवीन नव्हतं. दुखत असलं की खिडकीशी उभं राहायचं, एवढंच तिला येत होतं.

खाली सून मैदानात शिरली. तिनं फेऱ्या मारायला सुरुवात केली, हात आवळून, मान खाली घालून, जमिनीवर राग काढत. भिंगरी मागून पळत होती. पहिली फेरी तशीच गेली, दुसरीही. तिसऱ्या फेरीला नर्सबाईंच्या घोळक्यानं तिला गाठलं आणि ती त्यांच्यातून वाट काढत पुढं गेली. चौथ्या फेरीला भिंगरी घसरगुंडीकडे पळाली आणि सून पाचव्या झाडाशी थांबली. झाडाला हात लावून, श्वास घेत. त्याच झाडाशी तिचा नवरासुद्धा थांबायचा, पाचव्याशी, नेहमी, कारण पाचव्यापासून पुढं थोडा चढ होता. सून तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती आणि कधीकधी त्याला घेऊन तीच यायची. हे तिला आत्ताच आठवलं. सुनेनंच त्याला सहाव्या झाडाला नेलं होतं, "आ करा" म्हणावं तसं "पाय उचला" म्हणत. सून तिथं बराच वेळ उभी होती. मग तिनं मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. एवढ्या अंतरावरून चेहरा कळत नाही, पण हात कळतो. हात हलला. पहिल्यांदा रागानं, काय बघताय म्हटल्यासारखा, आणि मग दुसऱ्यांदा. खाली या.

ती उतरली. तिन्ही मजले, कठडा धरून, चपला पायात नीट न घालताच. रस्ता ओलांडून फाटकातून आत आली तेव्हा फेरी संपवून नर्सबाई आणि तिच्या चौघी पाचव्या झाडाशी उभ्या होत्या आणि सून त्यांना काहीतरी सांगत होती. डोळे लाल होते, पण आवाज दवाखान्यातला होता. "या इकडे," सून म्हणाली, आणि तिच्या दंडाला धरून तिला घोळक्याच्या मध्ये उभं केलं. "या आमच्या आई. झाडांसकट हे मैदान यांच्या चुकीनं वाचलंय, आणि आज यांनीच ते पुन्हा वाचवलंय, माझं घर घालवून. फूटपट्टीबाई म्हणतात यांना. एकच चूक केली जन्मात, पण केवढी केली बघा."

बायका बघतच राहिल्या. तिला कुठं बघावं ते कळेना. ती खाली मातीकडे बघू लागली, आणि कान गरम झाले, आणि तेहेतीस वर्षांत कुणी कौतुक केल्यावर झाला नसेल इतका आनंद तिला झाला. नर्सबाई आयुष्यात पहिल्यांदाच पाय न हलवता उभी होती. तिनं सातही झाडांवरून नजर फिरवली, मग ती फूटपट्टीबाईकडे वळली आणि म्हणाली, "मग आणखी दोन-चार करा की अशा."

"बघू," सून डोळे पुसत म्हणाली, "आठ महिने आहेत अजून त्यांच्या नोकरीला."